किचन चिमणी घेताना: आधी पाईप ठरवा, मग मशीन

ज्यांच्याकडे चिमणी आहे त्यांच्या घरी ऐन स्वयंपाकाच्या वेळी डोकावून बघा. बऱ्याच घरांत ती बंदच असते. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "आवाज फार होतो हो, कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत. मिरच्या तळायच्या असल्या की लावतो." पैसे मोजून, भिंत फोडून बसवलेलं यंत्र असं महिन्यातून चार वेळा चालतं आणि बाकी दिवस टाईल्सवर, ट्यूबलाईटवर, डब्यांच्या झाकणांवर तोच तेलकट चिकटा साठत राहतो.

म्हणून शांतपणा ही चैन समजू नका. सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या पिठल्यापर्यंत बिनदिक्कत चालू ठेवता येईल, इतकी शांत असेल तरच चिमणी कामाची. आणि ती शांत चालेल का, धूर नीट ओढेल का, हे दुकानातल्या यंत्रापेक्षा तुमच्या घरातल्या पाईपवर जास्त ठरतं. चिमणी निवडायची सुरुवात दुकानात न करता ओट्यापाशी करायची, ती यासाठी.

एवढी उठाठेव कशाला, असं वाटत असेल तर: फोडणीचा खाट, तळणीचा धूर आणि गॅसच्या ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड आधी ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या नाकात जातो, भिंती नंतर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संशोधन संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात कडक तापमानावर तळताना निघणारा धूर 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकला आहे. त्यासाठी भजी सोडायची गरज नाही. धूर बाहेर जायला हवा, इतकंच.

पहिली पायरी: पाईप कुठून बाहेर काढणार?

ओट्यासमोर उभं राहा आणि बाहेरची भिंत कुठे आहे ते बघा. शेगडीच्या मागची किंवा बाजूची भिंत थेट बाहेर उघडत असेल तर तुमचं निम्मं काम झालं. भिंतीला भोक, त्यातून फूट-दीड फुटाचा पाईप, बाहेर झाकण. याहून चांगली रचना नाही.

पण आपल्या फ्लॅटमध्ये असं सरळ क्वचित असतं. कुठे शेगडी आतल्या भिंतीला असते आणि पाईप लॉफ्टखालून वळवत ड्राय बाल्कनीपर्यंत न्यावा लागतो. कुठे शेगडीच्या मागेच खिडकी. तिथे सरकत्या खिडकीची एक काच काढून त्या जागी अॅल्युमिनियमचा पत्रा किंवा अॅक्रिलिकची शीट बसवतात आणि त्यातून पाईप काढतात. खर्च कमी, भिंत शाबूत.

दोन ठिकाणी मात्र थांबायचं. पहिलं म्हणजे बीम आणि कॉलम. त्यांना भोक पाडायचं नाही, कोणी कितीही सहज "होऊन जाईल" म्हणालं तरी. मुंबई-पुण्यातल्या नव्या टॉवरमध्ये मायवान पद्धतीच्या बांधकामात सगळ्या भिंती काँक्रीटच्याच आणि भार पेलणाऱ्या असतात. तिथे बिल्डरने एक्झॉस्टसाठी आधीच भोक ठेवलेलं असतं का ते शोधा. नसेल तर सोसायटीच्या लेखी परवानगीशिवाय आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय कोअर कटिंगवाल्याला, म्हणजे मशीनने भिंतीला गोल भोक पाडणाऱ्याला, बोलावू नका. दुसरं ठिकाण म्हणजे इमारतीचा डक्ट, ज्यात सांडपाण्याचे पाईप उतरतात. तिथे चिमणी सोडली की तुमच्या सुक्या बोंबलांचा वास वरच्या मजल्यांवरच्या सगळ्या न्हाणीघरांत पोचतो. हवा कोंडलेली असते, तेल पाईपांवर बसतं आणि भांडणं लागतात.

आता पाईपची जाडी. बहुतेक चांगल्या चिमण्यांचं तोंड सहा इंची असतं. भिंतीतलं भोक मात्र बऱ्याचदा जुन्या कुठल्यातरी पाईपचं, चार इंची असतं, आणि बसवणारा मुलगा रिड्यूसर (मोठ्या पाईपला लहान पाईप जोडणारा तुकडा) लावून मोकळा होतो. आवाजाचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. हिशोब करून बघा. ताशी ६०० घनमीटर हवा सहा इंची पाईपमधून जाते तेव्हा तिचा वेग ताशी सुमारे ३३ किलोमीटर असतो. तेवढीच हवा चार इंची पाईपमधून घालवायची तर वेग सव्वादोन पट, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटर हवा. प्रत्यक्षात पंख्याला तेवढा जोर नसतो. मग हवा कमी जाते, पंखा घुसमटतो आणि सूं सूं आवाज घरभर घुमतो. यंत्र कितीही भारी आणलं तरी हे बदलत नाही. भोक लहान असेल तर आधी ते साडेसहा इंची करून घ्या, मग दुकानात जा.

पाईप जितका आखूड तितका चांगला. दहा फुटांच्या आत, आणि वळणं दोनपेक्षा जास्त नकोत. काटकोनातलं प्रत्येक वळण हवेला कित्येक फूट सरळ पाईपइतकं अडवतं. काटकोनाऐवजी ४५ अंशांची दोन हलकी वळणं चालतील. अकॉर्डियनसारखा दुमडणारा अॅल्युमिनियमचा पाईप सोबत मिळतो, तो वापरायला हरकत नाही, पण पूर्ण ताणून. अर्धवट दुमडलेला पाईप आतून सुरकुतलेला राहतो, त्या सुरकुत्यांत तेल साचतं आणि हवा अडखळते. उरलेला पाईप छताजवळ गुंडाळून ठेवायची पद्धत आहे, ती अजिबात चालवून घेऊ नका. तीन-चार फुटांपेक्षा लांब जायचं असेल तर गुळगुळीत, कडक पाईपच घ्यावा असं माझं मत.

पाईप बाहेर काढायची काही सोयच नसेल, भाड्याचं घर असेल, तर कोळशाच्या फिल्टरची, पाईप नसलेली चिमणी दाखवतात. ती हवा गाळून परत स्वयंपाकघरातच सोडते. वास थोडा कमी होतो, पण वाफ आणि उष्णता आतच राहते, आणि कोळशाचा फिल्टर काही महिन्यांनी बदलावाच लागतो. अशा घरात खिडकीत चांगला धातूचा एक्झॉस्ट फॅन लावलेला बरा.

दुसरी पायरी: टेप घेऊन मापं काढा

रुंदीचा नियम सोपा. चिमणी शेगडीएवढी तरी रुंद हवी, थोडी जास्त असेल तर उत्तम. दोन बर्नरच्या शेगडीला ६० सेंटीमीटर पुरते. तीन-चार बर्नरच्या रुंद शेगडीला ९०. वर कपाटं असल्यामुळे ९० ची जागा नसेल तर जास्तीत जास्त तळण मधल्या बर्नरवर करायची सवय लावा.

उंचीत मात्र लोक हमखास फसतात. पुस्तिकेत साधारण ६५ ते ७५ सेंटीमीटर अंतर दिलेलं असतं, ते ओट्यापासून मोजायचं नसतं. भांडं जिथे टेकतं त्या जाळीपासून मोजायचं. ओट्यात बसवलेला हॉब आणि ओट्यावर ठेवलेली पायांची शेगडी यांत काही इंचांचा फरक पडतो. ओटा ३४ इंची, त्यावर शेगडी चार-साडेचार इंच, त्यावर ७० सेंटीमीटर: चिमणीची खालची कडा जमिनीपासून साडेपाच फुटांवर येते. म्हणजे घरातल्या उंच माणसाच्या कपाळावर. स्वयंपाक करणाऱ्याला शेगडीपुढे उभं करा, हातात पुठ्ठा धरून त्या उंचीवर टेकवा आणि त्याला कढईत वाकायला लावा. डोकं आपटत असेल तर चपट्या काचेच्या मॉडेलऐवजी तिरकी, कलती चिमणी बघा, तिची पुढची कडा वर असते. फक्त पुस्तिकेतल्या किमान अंतरापेक्षा खाली कधीच आणू नका, ज्योत आणि तेलकट फिल्टर जवळ येणं धोक्याचं. आणि डोक्याला लागू नये म्हणून तीन-साडेतीन फुटांवर टांगूनही ठेवू नका; धूर वर जाता जाता पसरतो आणि कडेने निसटतो.

खोलीकडेही लक्ष द्या, म्हणजे भिंतीपासून पुढे येणारं माप. ओटा दोन फुटी, चिमणी मात्र बऱ्याचदा दीड फुटाच्या आसपास. त्यात शेगडी पुढे ओढून ठेवलेली असली की पुढचा बर्नर चिमणीच्या सावलीच्या बाहेर पडतो. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने घरगुती चिमण्यांच्या चाचण्या केल्या त्यात हेच दिसलं: मागच्या बर्नरवरचा धूर पुढच्यापेक्षा कितीतरी चांगला ओढला जातो. शेगडी मागे सरकवणं फुकट आहे. तळण, ठेचा, मासे मागच्या बर्नरवर, भात-वरण पुढे.

तिरक्या चिमणीबद्दल एक सांगायला हवं. ती दिसते सुंदर आणि डोक्याला लागत नाही, पण तिच्या पोटात धूर साठायला जागा नसते. फोडणीचा लोट एकदम उठतो तेव्हा जुन्या घुमटासारख्या चिमणीत तो क्षणभर मावतो आणि मग ओढला जातो, तिरकीत तो कडेवरून निसटू शकतो. ठसकेबाज स्वयंपाक रोजचा असेल आणि डोक्याचा प्रश्न नसेल, तर पोटात खोलगट जागा असलेलं मॉडेल मी निवडेन.

तिसरी पायरी: किती ओढ हवी?

इथे आकड्यांची चढाओढ आहे. १२००, १५००, १८०० घनमीटर प्रति तास. तुमच्या घराचा हिशोब करा. आठ बाय दहाचं स्वयंपाकघर, उंची साडेनऊ फूट: ७६० घनफूट, म्हणजे साधारण २१.५ घनमीटर. तासाला १२ ते १५ वेळा हवा बदलायची असा ढोबळ नियम धरला तर २६० ते ३२० घनमीटर पुरतात. आपल्याकडे फोडणी आहे, तळण आहे, स्वयंपाकघर हॉलला मोकळं असतं, म्हणून दुप्पट धरा. ६०० च्या वर फार कोणाला लागत नाही.

मग १२०० कशाला? कारण डब्यावरचा आकडा बहुधा सगळ्यात वरच्या वेगाचा आणि पुढे काही अडथळा नसतानाचा असतो. फिल्टर, झडप, पाईप, वळणं, बाहेरचं झाकण या सगळ्यांतून जाताना तो बराच घसरतो. आणि दुसरं कारण आवाजाचं: मोठी चिमणी मधल्या वेगावर चालवणं, लहान चिमणी पूर्ण वेगावर दामटण्यापेक्षा शांत असतं. म्हणून १००० ते १२०० पर्यंतचं यंत्र बहुतेक फ्लॅटना योग्य. त्यापुढच्या आकड्यांसाठी जास्तीचे पैसे देण्यापेक्षा ते भिंतीतल्या भोकावर खर्च करा.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही. चिमणी जेवढी हवा बाहेर टाकते तेवढी आत यायला हवी. सगळी दारं-खिडक्या लावून घेतल्या तर ओढ पडते आणि आवाज चढतो. समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी ठेवा, शेगडीच्या अगदी शेजारची नको, नाहीतर झुळूक धूर बाजूला ढकलते. आणि घरात गॅस गीझर असेल तर फार जपा. बंद घरात चिमणी जोरात चालली की गीझरचा जळका वायू बाहेर जाण्याऐवजी उलटा आत ओढला जाऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला ना रंग ना वास. गॅस गीझर चालू असताना खिडकी उघडी हवी म्हणजे हवीच.

चौथी पायरी: आवाजाचा आकडा कसा वाचायचा

आवाज डेसिबलमध्ये देतात. समोरासमोरचं नेहमीचं बोलणं साधारण ६० डेसिबल. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज जवळपास दुप्पट वाटतो, त्यामुळे ५८ आणि ६८ मधला फरक दिसतो त्यापेक्षा खूप मोठा आहे. ५८ आणि ५९ साठी मात्र भाव वाढवून देऊ नका.

जाहिरातीतला आकडा कुठल्या वेगाचा आहे ते विचारा. ओढीचा आकडा सगळ्यात वरच्या वेगाचा आणि आवाजाचा आकडा सगळ्यात खालच्या वेगाचा, असं शेजारी शेजारी छापलेलं असलं तर त्या दोघांचा एकमेकांशी काही संबंध उरत नाही. प्रत्येक वेगाला ओढ किती आणि आवाज किती, हे सांगणारा तक्ता मागा. तो देणारी कंपनी माझ्या लेखी दोन गुण वर. युरोपात २०१५ पासून चिमणीच्या ऊर्जा लेबलवर आवाजाचा आकडा छापावा लागतो. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींचं काम त्यामुळे सोपं आहे. फक्त त्या लेबलवर यंत्रातून निघणाऱ्या एकूण ध्वनिशक्तीचा आकडा असतो, काही अंतरावर कानाला जाणवणाऱ्या आवाजाचा नसतो, म्हणून तो इथल्या जाहिरातींशी ताडून बघू नका.

वेग कमी केल्याने किती फरक पडतो ते ऐका. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि वीज तर आठवा हिस्साच लागते, असं पंख्यांचं गणित सांगतं. म्हणूनच तीनऐवजी जास्त वेगांची, बीएलडीसी मोटरची (म्हणजे ब्रश नसलेल्या डीसी मोटरची) चिमणी मला पटते: वरण उकळताना अगदी हळू, फोडणीला दोन मिनिटं जोरात. मोटरभोवतीचा ब्लोअर, म्हणजे हवा ओढणारा पंखा, धातूचा, बंदिस्त आणि घट्ट असेल तर उत्तम. दुकानात यंत्राच्या बाजूला हात टेकवून बघा, पत्रा थरथरत असेल तर घरी तो वाजणार.

आणि तो दुकानातला कागदाचा खेळ! कागद फिल्टरला चिकटतो, लोक चकित होतात. फिल्टरपासून बोटभर अंतरावर कुठलीही चिमणी कागद धरून ठेवते. धूर दोन फूट खाली असतो. शिवाय दुकानात मागे पाईपच जोडलेला नसतो, त्यामुळे तिथला आवाजही घरचा नाही.

पाचवी पायरी: फिल्टर

बारीक जाळीचा फिल्टर स्वस्त, पण आपल्या फोडण्यांनी लवकर तुंबतो, आणि तुंबला की पंखा ओरडतो. पट्ट्यापट्ट्यांचा स्टीलचा बॅफल फिल्टर हवेला वळणं घ्यायला लावतो, तेलाचे थेंब पट्ट्यांवर आदळून खाली उतरतात, हवा मोकळी जाते. रोजच्या मराठी स्वयंपाकाला मी हाच सुचवेन. फिल्टरच नसलेल्या चिमण्या आता खूप विकल्या जातात. धुवायचं काही नाही हे खरं, पण तेल थेट ब्लोअरवर जातं. पात्यांवर चिकटा असमान बसला की तोल जातो आणि घरघर सुरू होते, मग सर्व्हिसवाल्यालाच बोलवावं लागतं.

ऑटो क्लीनमध्ये हीटर आतलं तेल पातळ करून खालच्या वाटीत उतरवतो. उपयोगी आहे, पण पाईप त्याने साफ होत नाही आणि वाटी आपल्यालाच रिकामी करायची असते.

सहावी पायरी: बसवताना समोर उभं राहा

खरेदीआधीच विचारून घ्या की पाईप, बाहेरचं झाकण, कोअर कटिंग यांतलं काय किंमतीत धरलंय आणि काय वेगळं. वॉरंटीत मोटर किती वर्षं आणि बाकीचे भाग किती, हे दोन आकडे वेगळे असतात.

बसवणारा आला की तिथून हलू नका. मायवान नसलेल्या बऱ्याच नव्या इमारतींच्या भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या असतात, त्यांत साधी प्लास्टिकची गिट्टी काही महिन्यांत सैल होते आणि चिमणी भिंतीवर थरथरू लागते. अशा भिंतीसाठीचे वेगळे अँकर मिळतात, ते मागा. चिमणी आणि भिंत यांच्यामध्ये रबरी वॉशर लावायला सांगा, विशेषतः पलीकडे झोपायची खोली असेल तर. पाईपचा सांधा नुसत्या खाकी टेपने चिकटवून सोडू नये. क्लॅम्प लावून त्यावर अॅल्युमिनियम टेप.

भिंतीतून जाणाऱ्या पाईपला बाहेरच्या बाजूला किंचित उतार हवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी उलटं आत येतं. कोकणात आणि मुंबईत पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, तेव्हा त्या बाजूला तोंड असेल तर खाली वळलेलं झाकण घ्या. कबुतरांसाठी जाळी लागतेच, पण ती अर्ध्या इंची भोकांची. डासांची जाळी लावली तर महिन्याभरात तेलाने बुजते. चिमणीच्या तोंडाशी असलेली उलट हवा रोखणारी झडप पूर्ण उघडते आहे ना, ते हाताने हलवून बघा. स्क्रू आत घुसून ती अर्धवट अडकलेली अनेक घरांत सापडते.

काम झाल्यावर सही करण्याआधी उदबत्ती लावा. पुढच्या बर्नरच्या जाळीवर धरा, चिमणी मधल्या वेगावर. धूर वर जाऊन आत वळायला हवा. मग उदबत्ती हळूहळू शेगडीच्या कडेपर्यंत न्या. कुठे धूर बाहेर पळतो ती तुमच्या चिमणीची हद्द. मधल्या वेगावर पुढच्या बर्नरचाच धूर निसटत असेल तर पाईप, झडप आणि उंची त्याच माणसाकडून परत तपासून घ्या, तो जिना उतरायच्या आत.

रोजचा वापर आणि निगा

गॅस पेटवायच्या आधी दोन-चार मिनिटं मंद वेगावर सुरू करा, म्हणजे हवेचा प्रवाह लागलेला असतो. स्वयंपाक झाल्यावर दहा मिनिटं तशीच राहू द्या. धूर दिसायला लागल्यावर बटण दाबलं तर तोवर तो हॉलमध्ये पोचलेला असतो.

बॅफल फिल्टर दर दोन-तीन आठवड्यांनी काढा. कडकडीत पाणी, भांड्यांचा साबण, दोन चमचे खायचा सोडा, अर्धा तास भिजवून घासणी फिरवा, आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावा. फराळाच्या दिवसांत, चकल्या-शेव झाल्या की लगेच धुवा. तेलाची वाटी भरायची वाट बघू नका, तळणीवर ते तेल टपकणं वाईट. वर्षातून एकदा पाईप काढून आत टॉर्च मारून बघा. फिल्टर स्वच्छ असूनही आवाज हळूहळू वाढत गेला असेल तर बाहेरच्या जाळीपासून तपासायला सुरुवात करा: आधी जाळी, मग झडप, मग पाईपमधलं तेल, आणि शेवटी ब्लोअर.